कारध्याची वाळू

भंडारा जिल्हा बघायला येणारा माणूस पवनीचे स्तूप बघतो, आंबागडचा किल्ला बघतो, हल्ली आंभोऱ्याला जाऊन 2024 साली खुल्या झालेल्या पुलावरून पाच नद्यांचा संगमही बघतो. कारधा त्याला गाडीच्या खिडकीतूनच दिसतं. भंडाऱ्याहून साकोलीकडं निघालं की वैनगंगेचा पूल आणि पूल ओलांडला की कारधा. खाली पाणी, भर उन्हाळ्यातही. बघणाऱ्याला वाटतं, नशीबवान नदी.

विदर्भात इतर ठिकाणी कितीतरी गोष्टी पाण्यावाचून गेल्या. इथं त्या पाण्यानं नेल्या. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द ऊर्फ गोसे धरणाची पायाभरणी झाली. पुढं जलाशय भरत गेला आणि त्याचा फुगवटा पवनीकडून वर सरकत भंडारा-कारध्यापर्यंत आला. नदी ओसरेनाशी झाली. ओसरलेल्या नदीत आणि तिच्या काठावर जे जे होतं, त्याची ही नोंद.

डांगरवाडी. नागपुरी माणूस खरबुजाला डांगर म्हणतो. पावसाळा संपून पात्र उघडं पडलं की ढीवर कुटुंबं वाळूत वाड्या धरायची. नांगर नाही, बैल नाही. कोरडी वाळू बाजूला ओढून ओल लागेपर्यंत चर खणायचा, त्यात शेणखत भरायचं आणि बी टोचायचं. वरची वाळू तापलेली, खाली मुळाला गारवा. वेल त्या दोहोंच्या मध्ये वाढायचा. डांगर, टरबूज, काकडी. रोप कोवळं असेतो पाणी ओंजळीनं द्यायचं, पुढं मूळ आपलं पाणी आपण शोधायचं. फळ धरलं की कोल्ह्यांपासून राखण, म्हणून वाळूतच खोपडी आणि उन्हाळाभर मुक्काम तिथंच. देठाशी बारीक चीर पडली की डांगर पिकलं; ते ओढायचं नाही, हात लावताच सुटून येतं. भंडाऱ्याच्या बाजारात आजही उन्हाळ्यात डांगरं येतात, पण ती शेतातली, ठिबकवरची. पात्राचा सातबारा वाडीवाल्याच्या नावे नव्हता. वाळूचा मोबदला मागायचा कुणाकडं आणि कोणत्या कागदावर?

झिरा. वाळूत हातभर खड्डा करायचा, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि थांबायचं. तळातून नितळ पाणी चढायचं, ते वाटीनं गुंडात भरायचं. वाळू हीच गाळणी. आज नागपूरचं सांडपाणी नागनदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. नदी वाहती असती तर ते पुढं गेलं असतं. साचलेल्या पाण्याबरोबर घाणही पसरते आणि जलपर्णी माजते. नदी दारात असून भंडारेकरांनी पिण्याच्या पाण्याची तक्रार करावी, याइतकी दुःखाची गोष्ट या जिल्ह्यात मला दुसरी दिसत नाही.

खासर आणि रेंगी. पहिली ओझ्याची बैलगाडी, दुसरी माणसं बसायची हलकी. उन्हाळ्यात दोन्ही पात्रात उतरायच्या. ट्रॅक्टरनं आणि मोटारसायकलनं त्यांना हटवलंच असतं. त्या गेल्याचा दोष नदीला देता येत नाही.

झिंगा. गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याच्या पिल्लांना पहिले काही आठवडे निमखारं पाणी लागतं. म्हणजे वैनगंगेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत, तिथून पार समुद्राच्या तोंडापर्यंतची ही वाट. ती उतरायची आणि पिल्लांनी पुन्हा चढायची. आता वाटेत गोसेची 33 दारं आहेत. पुरात ती उघडतात तेव्हा पाणी अशा वेगानं सुटतं की बोटाएवढ्या जिवानं त्याविरुद्ध वर यावं, ही अपेक्षाच चुकीची. जलाशयात बोटुकली सोडून रोहू-कतला वाढवता येतात. या झिंग्याची वाट मात्र तशी परत मिळत नाही.

छोटा पूल. ब्रिटिशांच्या काळातला, बुटका. सिवनी-बालाघाटकडं पाऊस झाला की इथं पाणी चढायचं आणि पुलावर आलं की वाहतूक बंद. कारध्याची धोक्याची पातळी 245.50 मीटर, ऑगस्ट 2020 च्या महापुरात हा आकडा जिल्ह्यात लहान पोरांनाही पाठ झाला होता. गोसेचा जलाशय पूर्ण भरल्याची पातळीही 245.50 मीटरच आहे. हे दोन आकडे एकाशेजारी एक ठेवून बघावेत, मग काठावरच्या माणसाला पावसाळ्यात झोप का येत नाही ते कळतं. धानाला कालव्याचं पाणी मिळालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ते पाणी कुणाच्या उन्हाळ्यातून आलं, हेही कुठंतरी लिहिलेलं असावं.

लुचई धान. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. लुचईला कुणी विचारलं नाही.

पितळी गुंड. पलीकडच्या भंडाऱ्यातल्या कासारांचं काम. हातोडीच्या ठोक्यांनी अंगभर उठवलेली मठार, प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला जेमतेम भिडलेला. लेकीच्या लग्नात हा गुंड द्यायचेच. स्टीलनं त्याला घरातून काढलं. मोड म्हणून विकला गेला तो वजनावर, ठोक्यांचे पैसे कुणी धरले नाहीत.

आणि डांगराचं बी. राखेत घोळून, फडक्यात बांधून पुढच्या साली वाडी धरायला ठेवायचे, तेवढंच.