मूत्रपिंडावरची टोपी

माणसाच्या पोटात एक नि ओठांत दुसरे असते, हे आम्ही मराठीचे प्राध्यापक पिढ्यान् पिढ्या शिकवीत आलो आहोत. परंतु त्याच पोटात, दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर, टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते. म्हातारपणी शस्त्रक्रिया करावयाची झाली, तर तिचीच विचारपूस आधी करावी लागते, हे मला आमच्या अण्णांमुळे कळले.

अण्णा 78 वर्षांचे. वाळूजच्या घरी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब, साखर सारे विचारले आणि मग म्हणाल्या, "काका, दम्यावर काय घेता?"

आईने मागून माझी बाही ओढली. "पुडीचं कशाला सांगायचं रे? रागावतील त्या."

अण्णांनी मात्र सांगून टाकले, "काही न्हाई बाई. पुड्या घेतो, झाडपाल्याच्या." सहा वर्षे ते आठवडी बाजारातल्या एका माणसाकडून त्या घेत होते. एका पुडीत दम बसतो, अशी त्याची ख्याती!

बाईंनी अण्णांचा गोल, सुजरा चेहरा पाहिला. हातांवरची कागदासारखी पातळ, जागोजाग काळीनिळी झालेली कातडी पाहिली. "यात स्टेरॉइड असावं," त्या म्हणाल्या.

हार्मोनला आपण संप्रेरक म्हणतो. स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1905 साली हार्मोन हा शब्द रूढ केला. त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ चेतविणे. परिभाषेच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी आमचा शब्द किती नेमका आहे ते पाहावे. असो. सर्जनाची सुरी भल्यासाठी चालते, हे शरीराला कुठे ठाऊक? त्याला ती जखमच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी इशारा देते आणि टोपीतल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. त्याच्या बळावर रक्तदाब तग धरतो. यकृत साखर सोडू लागते, इन्शुलिनला कोणी जुमानत नाही. म्हणून मधुमेह नसलेल्याचीही साखर चार दिवस चढू शकते. थायरॉइडचा जोर उतरतो. तरुणाच्या अंगातली ही धांदल लवकर निवते, म्हाताऱ्याच्या अंगात ती रेंगाळते.

पण बाहेरून वर्षानुवर्षे स्टेरॉइड मिळत राहिले, की या ग्रंथी आळसावतात, आखडतात. ऐन वेळी मागणी येते आणि कोठार रिकामे! रक्तदाब कोसळतो, प्राणावर बेतते. दवाखान्यात जायचे म्हणून पुड्या एकदम बंद केल्या, तरी धोका तोच. आणि आमच्याकडे घरोघर नेमके हेच लपवतात.

बाईंनी हायड्रोकॉर्टिझोनची इंजेक्शने लिहून दिली. दुसऱ्या दिवशी कंबरेत सुई देऊन, खालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया झाली. रक्तदाब ढळला नाही. तिसऱ्या रात्री मात्र साखर चढली आणि अण्णा कॉटवरून बैलांना हाका मारू लागले. बैल विकून वीस वर्षे झाली. आई रडू लागली. नर्स म्हणाली, "या वयात होतं असं, उतरेल." दोन दिवसांत उतरलेही.

आता स्टेरॉइड हळूहळू कमी करण्याचा तक्ता आईने कॅलेंडरशेजारी लावला आहे. रोज एक खूण करते. अण्णा रोज विचारतात, "बाजार कधी हाय?"