आबांची फियाट आणि तेलाचा लाल दिवा

आमचं घर उरण तालुक्यातलं. खाडीच्या अंगाला थोडी भातशेती, परड्यात चार नारळ आणि पडवीत एक जुनी पांढरी प्रीमियर पद्मिनी. गावात कुणी तिला पद्मिनी म्हणत नाही. आबा फियाट म्हणतात, म्हणून सगळे फियाट म्हणतात. आबांनी मुंबईत तीस वर्षांवर टॅक्सी चालवली. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचं आणि पंधरा दिवसांनी घरी यायचं, असा त्यांचा शिरस्ता. टॅक्सी शेटची होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुंजीतून ही जुनी खाजगी गाडी घेतली. पुढं त्यांची नजर मंदावली आणि गेली चौदा-पंधरा वर्षं गाडी पडवीत उभी राहिली. कोंबड्या तिच्या बॉनेटवर निजायच्या.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टीव्हीवर ती बातमी आबांनी दोनदा पाहिली. रात्री जेवताना म्हणाले, "कापणी झाली की आपली फियाट एकदा चालू करू. मला तिचा आवाज ऐकायचाय." आबांचं वय एकोणऐंशी आणि हात थरथरतो. मी हो म्हटलं.

वाचकहो, ही गाडी आपल्याच मातीतली आहे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, त्याआधी ती फियाट ११०० म्हणून विकली जाई. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. याच घराण्यातलं इंजिन इटलीतल्या लोकांनी महायुद्धानंतर चिझितालिया २०२ नावाच्या शर्यतीच्या धाटणीच्या गाडीत बसवलं होतं. ती गाडी आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. परदेशात हौशी लोक अशा जुन्या गाड्या घरच्या घरी उघडून नीट करतात. हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "संग्रहालयात ठेवा नाहीतर पडवीत, तेल बघितलं नाही तर दोन्ही सारख्याच."

आबांचं हे बोलणं मी त्या वेळी हसण्यावारी नेलं.

मळणी उरकली. मी नवी बॅटरी आणली, टाकी धुतली, नवं पेट्रोल भरलं, कार्बोरेटर साफ केला. शेतावरच्या पंपाचं इंजिन मी वर्षानुवर्षं सांभाळतो, म्हणजे मला इंजिनातलं कळतं अशी माझी समजूत. तेलकांडी काढून पाहिली तर तेल काळं आणि डांबरासारखं घट्ट. आबा म्हणाले, "चेंबर खाली उतरव. आतली जाळी बघ." चेंबर उतरवायचा म्हणजे दोन दिवसांचं काम. मी जवळची वाट धरली. जुनं तेल सोडलं, नव्या तेलात थोडं रॉकेल मिसळून ते आत ओतलं आणि दुपारी आबांचा डोळा लागलेला असताना किल्ली फिरवली. वाटलं, पाच मिनिटं चालवून घाण सोडून देऊ आणि आबा उठतील तेव्हा त्यांना गाडी चालू दाखवू.

इंजिन चालू झालं. तेलाचा लाल दिवा क्षणभर विझला आणि पुन्हा लागला. मला वाटलं, दिवाच बिघडला असेल. तेवढ्यात इंजिनातून टक टक असा आवाज यायला लागला. आबा लुंगी सावरत धावत आले आणि ओरडले, "बंद कर! आधी बंद कर!" मी बंद केलं. सारं मिळून अर्धं मिनिटही झालं नसेल. आबा काही न बोलता आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आईने उलगडा केला. म्हणाली, "तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षाची गोष्ट. रात्रीची पाळी होती. असाच लाल दिवा लागला होता. एक लांबचं भाडं होतं, तेवढं सोडून बघू म्हणाले. वाटेत इंजिन जाम झालं. शेटने आठ महिने पगारातून पैसे कापले. माझ्या पाटल्या तेव्हाच गेल्या." इतकी वर्षं या घरात मी ते ऐकलं नव्हतं. आबांचा राग माझ्यावर नव्हता, त्या एका भाड्यावर होता.

मी आबांपुढे जाऊन बसलो. म्हटलं, "आबा, चुकलो. आता तुम्ही सांगाल तसं करतो." ते म्हणाले, "कागद-पेन्सिल आण. सुटलेला प्रत्येक नट कुठला ते लिहून ठेव."

मग काम सुरू झालं. आबा खाटेवर बसून सांगायचे, मी करायचो. चेन-पुलीने इंजिन थोडं उचललं, खाली लाकडी ठोकळे दिले, चेंबरचे बोल्ट सोडले. चेंबरच्या तळाला दोन बोटं काळा गाळ होता. तेलपंपाच्या तोंडाशी असलेली जाळी त्याने पार लिंपून गेली होती.

आपल्या खारजमिनीत काय होतं ते आठवा. पहिल्या मोठ्या पावसात वर्षाचा पेंढा आणि केरकचरा वाहत येतो आणि उघडीच्या तोंडाशी अडकतो. मग शेतात पाणी तुंबतं आणि उघडी कोरडी राहते. मी नेमकं तेच केलं होतं. चौदा वर्षं तळाशी निपचित बसलेला गाळ रॉकेलने सुटा केला आणि तो एका दमात जाळीवर जाऊन बसला. पंपाला तेल मिळेना, म्हणून दाब पडला, म्हणून दिवा लागला. दिवा बिघडलेला नव्हता. तो खरं बोलत होता.

इंजिनात तेल चार कामं करतं. घासणारे भाग वेगळे ठेवतं, उष्णता वाहून नेतं, घाण धुऊन आणतं आणि पिस्टनच्या रिंगांशी फट बुजवून जोर टिकवतं. चेंबरमधलं तेल पंप जाळीतून ओढतो आणि बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टला आणि वर रॉकरला पोहोचवतो. बेअरिंगच्या आत मऊ धातूचा पातळ थर असतो. तेलाचा पडदा असेल तर क्रँक त्याला जवळजवळ शिवतही नाही. पडदा गेला की काही सेकंदांत थर खरवडायला लागतो.

काढलेलं तेल आमच्या सौ.ने जुन्या पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. ती म्हणाली, "हे चकाकतंय काय?" फडक्यावर बारीक रुपेरी कण होते. आबांनी ते बोटावर घेतले आणि म्हणाले, "बेअरिंग. आवाज तिसऱ्या सिलिंडरचा होता." तिसरं उघडलं, तर बेअरिंगवर खरोखरच ओरखडे. नशीब एवढंच की क्रँक वाचला होता. मिस्त्रीने मापून पाहिला, नखाला कुठे रेघ लागली नाही. मुंबईतल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन खेपा घातल्यावर बेअरिंगची जोडी मिळाली.

पंप उघडला. आत दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात. चाकं बरी होती, पण झाकणावर चर पडली होती. तिथून दाब निसटतो. काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून आबांनी ते झाकण स्वतः घासलं. थरथरणारा हात त्या तासाभरात स्थिर होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दाब मर्यादेत ठेवणारी स्प्रिंगची कळ घाणीने अर्धवट उघडी अडकली होती. ती मोकळी करून चकचकीत केली. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा मारून तेलाच्या सगळ्या वाटा साफ केल्या. आत कापूस किंवा चिंधी घालायची नाही, एक धागा राहिला तरी वाट बंद होते, हे आबांनी दहा वेळा बजावलं.

जोडताना पंपात आधी नवं तेल भरलं, कारण कोरडा पंप तेल ओढत नाही. चेंबरला नवं पॅकिंग लावलं आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. फिल्टर नवा घातला. २०डब्ल्यू-४० तेल कांडीच्या वरच्या खुणेपर्यंत घातलं, त्यावर थेंब नाही. मग चारही प्लग काढून इंजिन नुसतं स्टार्टरवर थांबत थांबत फिरवलं. लाल दिवा विझला. वरचं झाकण काढून पाहिलं तर रॉकरवर तेल पाझरत होतं. तेव्हा कुठे आबांनी प्लग लावायला सांगितले.

त्याच सुमारास, १२ जानेवारी २०२४ रोजी, शिवडी-न्हावाशेवा पूल खुला झाला आणि उरणपर्यंत लोकल आली. गावात सगळीकडे तीच चर्चा होती. आमच्या अंगणात मात्र शेजारीपाजारी फियाटभोवती जमले होते. किल्ली मी आबांच्या हातात दिली. त्यांनी फिरवली. दिवा लागला, विझला आणि विझलेलाच राहिला. आबा डोळे मिटून ऐकत होते. आई दारात उभी होती. आबांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिवा विझला गं." ती काही बोलली नाही. पदराने हात पुसत आत गेली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

रोज दहा मिनिटं चालवून पाच दिवसांनी ते तेल आम्ही पुन्हा बदललं, कारण उरलीसुरली घाण पहिल्या तेलात उतरते. आरटीओत कागद नीट होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढायची नाही, हा आबांचाच हुकूम.

तुमच्या घरी अशी गाडी नसेल, पण पंपाचं इंजिन किंवा पॉवर टिलर असेलच. म्हणून चार गोष्टी सांगतो. यंत्र सपाट जागी बंद करून, थोडं थांबून कांडी पाहा. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर इंधन गळतंय. दोन्ही वेळा यंत्र चालवू नका. तेल बदलल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या इंजिनात रॉकेल घालून ते चालवू नका, आधी चेंबर उतरवा. आणि काढलेलं तेल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवर द्या. बॉम्बे हायचं तेल समुद्रातून आमच्या उरणच्या किनाऱ्याला लागतं, पण शेतात आणि खाडीत सांडलेलं वाटीभर तेलसुद्धा मातीला आणि मासळीला बाधतं.

आमच्या पडवीच्या भिंतीवर आता तीन तारखा आहेत, पंपाची, टिलरची आणि फियाटची. तिन्ही आबांच्या थरथरत्या अक्षरात. यंदा दिवाळीला सौ.ने आणि मी मिळून आईला पाटल्या केल्या. भाताच्या पैशातून झाल्या तेवढ्या, पातळच आहेत. आबांनी त्या हातात घेऊन वजन पाहिलं आणि मला म्हणाले, "तेल बघितलंस का आज?"