आईसमवेत पॅरिस आणि लूर्द



परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाकडे घरची माणसे भेटीस आली, तर त्यांस काय दाखवावे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बिशपस्वामींच्या आज्ञेने आम्ही काही वर्षे पॅरिस शहरी ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी राहिलो होतो. त्या काळात, २०१८ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, आमची आई, थोरले बंधू व वहिनी दहा दिवसांसाठी तेथे आली. त्या दहा दिवसांची हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम थोडी मागील गोष्ट सांगणे प्राप्त आहे. त्याच वर्षी जानेवारीत आमचे वडील अकस्मात प्रभूघरी गेले. पॅरिसहून निघून गावी पोहोचावयास आम्हांस दोन दिवस तरी लागले असते. दादांनी दूरध्वनीवर विचारले, “थांबायचे काय?” आम्ही क्षणभर विचार केला आणि म्हणालो, “थांबू नका.” माती दुसऱ्या दिवशी झाली. भाच्याने मोबाइल हाती धरून आम्हांस ती दाखविण्याचा यत्न केला. परंतु कबरस्तानात शिरताच चित्र थांबले, ते पुन्हा हलले नाही. तोवर दादा आम्हांस “धाकट्या” म्हणून हाक मारीत. त्या दिवसापासून ते आम्हांस “फादर” आणि “तुम्ही” म्हणू लागले. गुरुपदाचा मान म्हणून म्हणतात, अशी आम्ही मनाची समजूत घातली होती.

तर अशी ही तीन माणसे आमच्याकडे यावयाची होती. आम्ही कागदावर दहा दिवसांचा बेत आखला: कोणत्या दिवशी कोणते चर्च, कोणता पूल, कोणते संग्रहालय. शिकलेल्या माणसास आपले ज्ञान घरच्यांपुढे मांडावयाची एक खोड असते. ती आम्हांसही होती.

बेत फसला तो पहिल्याच संध्याकाळी. आमच्या घरी दिवेलागणीला जपमाळ म्हणण्याचा रिवाज आहे. आई गळ्यातील पदकाला हात लावून खिडकीपाशी बसली आणि अंधाराची वाट पाहू लागली. आठ वाजले, नऊ वाजले, बाहेर लख्ख उजेड! त्या दिवसांत पॅरिसला पावणेदहा वाजेपर्यंत सूर्य मावळत नाही. आई म्हणाली, “ह्या गावात रात्र करायला विसरलेत की काय?” शेवटी वहिनींनी दिवा लावला आणि उजेडातच जपमाळ झाली. वडिलांच्या नावाने शेवटची ‘नमो मारिया’ म्हटली, ती दादांनी. आम्ही प्रतिसाद दिला.

दुसरा दिवस जूनचा पहिला शुक्रवार. आई आमच्या जन्माच्या आधीपासून पहिले शुक्रवार पाळते, म्हणून तिला नोत्र दाम महामंदिरात नेले. या मंदिराच्या बांधकामास ११६३ साली आरंभ झाला. राजा संत लुई याने प्रभूचा काटेरी मुकुट म्हणून पूज्य मानलेला अवशेष १२३९ साली पॅरिसला आणिला. त्या काळी तो महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता भाविकांपुढे आणीत असत. वेताचे गोल कडे व त्याभोवती काचेचे वेष्टण, इतकेच डोळ्यांस दिसते. आम्ही आईच्या कानाशी इतिहास सांगू लागलो. तिने हातानेच आम्हांस थांबविले, रांगेतून गुडघे ओढीत पुढे गेली आणि काचेचे चुंबन घेतले.

पुढे १५ एप्रिल २०१९ रोजी त्या मंदिरास आग लागली. छत जळाले, उंच मनोरा कोसळला. परंतु मुकुट वाचला, आणि ७ व ८ डिसेंबर २०२४ या दिवशी मंदिराची दारे पुन्हा उघडली. आगीच्या रात्री आईचा गावाहून फोन आला. तिचा पहिला प्रश्न होता, “काट्यांचा मुकुट काढला ना रे बाहेर?”

तिसऱ्या दिवशी रू द्यु बाक या रस्त्यावरील छोट्या प्रार्थनामंदिरात गेलो. आपल्यापैकी पुष्कळांच्या गळ्यात जे पवित्र मारियेचे लांबट पदक असते, त्याचे मूळ हेच. १८३० साली येथे कॅथरिन लाबूरे नावाच्या एका शेतकऱ्याच्या मुलीस, दया-भगिनींच्या मठातील उमेदवारीच्या काळात, पवित्र मारियेचे दर्शन घडले. १८३२ साली पहिली पदके पाडण्यात आली. जगभर पदके पसरली; पण दर्शन कोणास झाले, हे कॅथरिनने आपल्या आध्यात्मिक गुरूखेरीज कोणास कित्येक वर्षे कळू दिले नाही. आपल्या आयुष्यातील चाळीसहून अधिक वर्षे ती वृद्धांची सेवा करीत आणि कोंबड्या-गुरे सांभाळीत राहिली. हे ऐकून आई वहिनींस म्हणाली, “पाहिलेस? काम करणारीला बोलायला सवड नसते.”

त्याच रस्त्यावर, थोड्याच अंतरावर, पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेचे घर आहे. सतराव्या शतकात स्थापन झालेल्या या संस्थेचे धर्मगुरू पाँडिचेरी, म्हैसूर आदी भागांत येऊन राहिले व तेथेच मातीस मिळाले. १८६८ सालचे एक चित्र त्यांच्या निरोपसमारंभाचे आहे. तरुण धर्मगुरू उभे आहेत आणि आप्त-मित्र वाकून त्यांच्या पायांचे चुंबन घेत आहेत, कारण तेच पाय सुवार्ता घेऊन दूर जावयाचे. आम्ही समजावून सांगितले की, यांपैकी बहुतेक पुन्हा मायदेशी परतत नसत. आई बराच वेळ गप्प राहिली. मग विचारले, “यांचे आईबाप मेले, तेव्हा यांना कोणी कळविले असेल?” आम्ही म्हणालो, “पत्र पोहोचावयास महिने लागत.” दादा चित्राकडे पाठ करून बाहेर गेले.

त्या सायंकाळी आई म्हणाली, “सगळे गाव दाखविलेस. तुझी खोली कुठे आहे?”

खरे सांगावयाचे तर, खोली आम्ही मुद्दामच टाळली होती. चौथा मजला, अरुंद जिना, आईचे दुखरे गुडघे, हे कारण आम्ही पुढे करीत होतो. दुसऱ्या दिवशी आई एकेक पायरी मोजीत चढली. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर क्रूस व पुस्तकांची फळी. आई खाटेवर बसली आणि सभोवार पाहून म्हणाली, “बाबांची खबर आली, तेव्हा तू कुठे होतास?” आम्ही खिडकीजवळची खुर्ची दाखविली. ती उठून त्या खुर्चीवर जाऊन बसली. “आणि जेवलास?” आम्ही उत्तर दिले नाही. वहिनी म्हणाल्या, “भावजी, इथे चूल कुठे आहे?” मजल्यावरील सामाईक स्वयंपाकघरात त्यांनी तांदळाची पेज केली, बरोबर आणलेले आंब्याचे लोणचे काढले, आणि पाच महिन्यांनंतर आम्ही चौघांनी बाबांच्या मागे एकत्र बसून पहिला घास घेतला.

जेवल्यावर त्यांस आमच्या विद्यापीठात नेले. १८७५ साली स्थापन झालेली ही कॅथलिक संस्था रू दासा या रस्त्यावर, जुन्या कार्मेल मठाच्या आवारात आहे. लगतच्या संत जोसेफ मंदिराच्या परिसरात २ सप्टेंबर १७९२ रोजी, क्रांतीच्या धामधुमीत, शंभराहून अधिक बिशप व धर्मगुरू मारले गेले. याच मंदिराच्या तळघरात फ्रेडरिक ओझानाम यांची कबर आहे. आपल्या धर्मग्रामांतून गोरगरिबांच्या घरी जाणारी विन्सेंट दी पॉल संस्था १८३३ साली ज्या तरुणांनी सुरू केली, त्यांतील हे एक. त्या वेळी वय अवघे वीस. हे सारे सांगून झाल्यावर, मनात नसता, आम्ही आणखी एक गोष्ट सांगून गेलो. “बाबांची माती दुपारी चारला झाली, तेव्हा येथे सकाळचे साडेअकरा वाजले होते. मोबाइलवरचे चित्र थांबल्यावर आम्ही ह्या बाकावर बसून अंत्यविधीच्या प्रार्थना एकट्यानेच म्हटल्या. कोणते वाक्य कोणत्या वेळी चालले असेल, याचा अंदाज घेत घेत म्हटल्या.” दादांनी त्या बाकावर हात ठेवला. बोलले काही नाहीत.

शेवटचे तीन दिवस लूर्दसाठी राखले होते. पॅरिसहून वेगवान आगगाडीने सुमारे पाच तासांत पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पोहोचता येते. आपल्या गावोगावी चर्चच्या अंगणात दगडांची लूर्दमातेची गुहा असते, मूळ गुहा पाहून आई म्हणाली, “आपल्या गावच्यासारखीच आहे.” आम्ही हसलो, पण तिच्या बोलण्यात विपरीत काही नव्हते. ती घरी आल्याप्रमाणे गुहेच्या ओल्या खडकावरून हात फिरवीत पुढे गेली.

बर्नादेत सुबिरू हिला ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात येथे अठरा वेळा दर्शन झाले. ती चौदा वर्षांची होती, आणि पहिल्या दिवशी सरपण गोळा करावयास आली होती. तिचा बाप पिठाच्या गिरणीचा धंदा बुडालेला. सहा माणसांचे कुटुंब एका सोडलेल्या तुरुंगाच्या कोंदट खोलीत राहत असे. ती खोली आजही दाखवितात. दादा तेथे दारातच थबकले. ते शेतकरी; कर्ज म्हणजे काय हे त्यांस सांगावे लागत नाही. बर्नादेतला फ्रेंच भाषा धड येत नव्हती. पवित्र मारिया तिच्याशी फ्रेंचमध्ये नव्हे, तर तिच्या खेड्याच्या बोलीत बोलली, आणि तेही आदरार्थी रूपात. गुहेतील मूर्तीच्या पायाशी ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे’ हे शब्द त्याच बोलीत कोरलेले आहेत. हे ऐकल्यावर आईची भीड गेली. झऱ्याच्या थंड पाण्यात स्नान करविणाऱ्या सेविकांशी ती खुशाल मराठीत बोलली, आणि त्यांनाही काही अडले नाही.

लूर्द येथे १८८३ सालापासून वैद्यांचे कार्यालय आहे. सात हजारांहून अधिक रोगमुक्तीच्या नोंदी तेथे झाल्या. त्यांपैकी ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केल्या, त्या सत्तरांहून थोड्याच अधिक. इतकी ही चिकित्सा काटेकोर आहे. आईचे गुडघे होते तसेच राहिले. आम्ही विचारले, तेव्हा म्हणाली, “गुडघ्यांसाठी मागितलेच नाही.”

रात्री नऊ वाजता मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. जूनमध्ये ती उजेडात सुरू होते आणि चालता चालता अंधार पडतो. जपमाळेचा एकेक मणी निरनिराळ्या भाषेत म्हणतात. आई प्रत्येकास मराठीत प्रतिसाद देत होती. वाऱ्याने आमची मेणबत्ती विझली. दादा शेजारी आले, आपली ज्योत आमच्या वातीला लावली आणि हळूच म्हणाले, “ही बाबांच्या नावाने धर, धाकट्या.” थोडे चालून पुन्हा म्हणाले, “त्या दिवशी थांबायला हवे होते काय, हे मलाही कळत नव्हते. तू सांगितलेस, म्हणून बरे झाले. पण राग मात्र तुझ्यावर काढला.” आम्हांस एवढेच म्हणता आले, “दादा, सारे तुमच्या एकट्यावर पडले.” आई पुढे होती, तिने मागे वळून पाहिले नाही. आमच्या मते तिने जे मागितले होते ते हेच असावे.

वाचकहो, आज आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांची मुले दूरदेशी शिकतात, नोकऱ्या करतात. त्यांस आमचे सांगणे एवढेच: घरची माणसे आली तर मोठी मंदिरे अवश्य दाखवा, परंतु आपली खोली, आपली चूल आणि आपण जेथे बसून रडलो ती जागा लपवू नका. आणि घरच्यांनो, जमेल तेव्हा एकदा जाऊन या. मुलगा कोठे राहतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर सायंकाळच्या जपमाळेत त्याचे नाव घेणे सोपे जाते.

आमच्या घरी अजूनही दिवेलागणीला जपमाळ होते. बाबांच्या नावाची ‘नमो मारिया’ दादा म्हणतात. सुटीत आम्ही घरी असलो, तर ते थांबतात आणि ती आम्हांस म्हणू देतात.