पहिला वाचक

छपाईच्या धंद्यात ग्राहक पुष्कळ भेटतात, वाचक भेटत नाही. वडिलांनी शनिवार पेठेत दोन खोल्यांत एक ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या केसेस घेऊन छापखाना सुरू केला. मी तो ऑफसेटवर नेला, शहराबाहेर शेड बांधली, चार रंगांचं यंत्र आणलं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, औषधांची खोकी आणि दिवाळीआधी दिनदर्शिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे. कर्ज फिटलं, नाव झालं. पण माल टेम्पोत चढला की त्या कागदाशी माझा संबंध संपायचा. पन्नाशी ओलांडल्यावर हे मला बोचू लागलं होतं आणि कोणाला सांगावं तर काय सांगणार? सगळं चांगलंच चाललं होतं.

अशा दिवसांत गुरुजी आले. अंधशाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक, जन्मांध. ते रद्दी मागायला आले होते. ब्रेल लिहिण्याच्या सरावाला मुलांना जाड कागद लागतो. कोरा परवडत नाही, आणि छापलेला चालतो, कारण शाई बोटांना आड येत नाही. यंत्र लावताना वाया जाणारे कागद त्यांना हवे होते. मी नमुने पुढे ठेवले. अंगठा आणि तर्जनीत एकेक कागद धरून ते सांगू लागले, "हा एकशे तीस ग्रॅमचा असेल, हा एकशे सत्तर. हा तीनशेचा मात्र नको मालक, टोचणी घुसत नाही." आमचा मशीनमन बघत राहिला. तिन्ही आकडे बरोबर होते.

त्यानंतर ते येत राहिले आणि कागदाचं काम झालं तरी थांबत राहिले. एकदा पिशवीतून ब्रेलची पाटी काढून त्यांनी मला लिहून दाखवलं. चौकटीत कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद उलटा करून उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचायचे. मला एकदम वडील दिसले, हातातल्या कंपोझिंग स्टिकमध्ये उलट्या खिळ्यांची ओळ सरळ वाचणारे. गुरुजींना मी तसं सांगितलं. त्यांनी वडिलांचे खिळे मागितले आणि एकेका खिळ्याच्या तोंडावरून बोट फिरवत 'ग', 'म', 'भ' ओळखायला माझ्याकडून शिकून घेतलं. देवनागरीची वळणं त्यांना पहिल्यांदा अशी सविस्तर कळली. बदल्यात त्यांनी मला ब्रेल शिकवलं. सहा ठिपके, त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या. भारतीय भाषांसाठी 1951 साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये पहिला इकारसुद्धा व्यंजनाच्या नंतर येतो, आपण उच्चारतो त्याच क्रमाने. छापखान्यात वाढलेल्या मला ही व्यवस्था फार सुंदर वाटली.

स्वागत थोरातांनी 2008 साली सुरू केलेल्या 'स्पर्शज्ञान' या मराठी ब्रेल पाक्षिकाचे अंक गुरुजींकडे होते. ते एका हाताने वाचत आणि दुसऱ्या हाताने पुढची ओळ शोधून ठेवत. छापलेल्या पानाकडे इतक्या भुकेने वळलेला माणूस माझ्या आयुष्यात मी तोवर पाहिला नव्हता. "तुम्हाला काय छापून हवंय?" असं मी विचारलं, तेव्हा मला वाटलं होतं, ज्ञानेश्वरी म्हणतील किंवा रागांचं पुस्तक. ते म्हणाले, "कॅलेंडर. एकादशी कधी आहे ते दर वेळी सुनेला विचारावं लागतं."

ठिपके उठवणारं यंत्र मी घेतलं आणि धंद्यात मुरलेली प्रत्येक सवय आडवी आली. आमच्याकडे शेवटी सगळं दाबलं जातं: कटिंग मशीनच्या दाबाखाली, बांधणीच्या शिकंज्यात. ब्रेलचा ठिपका दाबला की गेला. म्हणून कागद आधी कापायचा, छापल्यावर गठ्ठ्यावर गठ्ठा चढवायचा नाही, पुस्तकं उभी ठेवायची, बांधणी अशी की पान पूर्ण उघडून सपाट पडलं पाहिजे. बाइंडरकाका पहिल्यांदा चिडले, मग त्यांनीच स्पायरलचं माप बसवलं.

पहिलं कॅलेंडर गुरुजींच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बोटं फिरवली आणि विचारलं, "दुधाचा खाडा कुठे टोचू?"

इतकी वर्षं दिनदर्शिका छापल्या. लोक त्या चौकटींत दुधाचा, गॅसचा, मोलकरणीच्या सुट्ट्यांचा हिशोब लिहितात हे मला माहीत होतं, पण माझ्या कामाबद्दल असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक तारखेपुढे कोरी जागा सोडली. त्या दिवसापासून मी छापखान्यात कशासाठी जातो ते मला ठाऊक आहे. ते गुरुजींचं देणं.

चार रंगांचं यंत्र आणि ग्राहक आता मुलगा सांभाळतो. त्याच कमाईवर मागच्या खोलीतलं ब्रेलचं काम चालतं, हेही सांगितलं पाहिजे. धंदा नीट उभा नसता तर गुरुजींना रद्दीपलीकडे मी काही देऊ शकलो नसतो. 2012 साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली, त्यामुळे अंध वाचकांसाठी ना-नफा तत्त्वावर पुस्तकं ब्रेलमध्ये आणता येतात. आम्ही तसा न्यास केला. दोनशे पानांच्या कादंबरीचे ब्रेलमध्ये तीनेक जाडजूड खंड होतात, त्यामुळे टपालाने पाठवताना मोठमोठी खोकी लागतात.

गुरुजी गेले. त्यांची एक विद्यार्थिनी आमच्याकडे मुद्रितं तपासते. मला काका म्हणते आणि माझी पानं बिनदिक्कत परत करते. सध्या आम्ही दहावीच्या भूमितीपाशी अडलोय. वर्तुळाला स्पर्शिका जिथे टेकते तो बिंदू बोटाला नेमका सापडला पाहिजे, आणि तिथे दोन रेषांचे ठिपके एकमेकांत मिसळतात. स्पर्शिकेचे ठिपके बारीक करून पाहिले, वर्तुळाचे विरळ केले. काल तिने नवा नमुना बराच वेळ तपासला आणि म्हणाली, "काका, बिंदू सापडतोय, पण त्याचं नाव रेषेला चिकटलंय. 'प' जरा लांब न्या." आज तो 'प' हलवायचाय.