३/८ म्हणजे ३ ऑगस्ट

भोसरीतल्या आमच्या नट-बोल्टच्या दुकानाचा छापील कॅटलॉग वडिलांनी बेतलेला. हेक्स बोल्टचं पान म्हणजे एक मोठा तक्ता: वर व्यास, डावीकडे लांबी, आणि जो माल रॅकला कायम असतो त्याच्या चौकटीत काळा ठिपका. ग्राहक फोनवर सांगायचा, "पान चौदा, एम दहाच्या खाली चाळीस," की माल निघाला. वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, सगळं छापलेलं तर आहेच, राहिलं काय, टायपिंग!

आधी तर मी पानं स्कॅन करून तशीच चढवली. शोध चालेना, आणि मोबाइलवर ठिपका कुठला नि स्कॅनरवरची धूळ कुठली तेही कळेना. ते काढून टाकलं.

मग प्रत्येक ठिपक्याचं स्वतंत्र पान करायचं ठरवलं. एक्सेलची शीट मीच आखली: नाव, व्यास, लांबी, ग्रेड, पाकिटातले नग. भरायला कॉलेजचा एक मुलगा बसवला. त्यानं मन लावून काम केलं. घोळ माझ्या रकान्यांत होता. इंची माल भरायला घेतला आणि एक्सेलनं मापांच्या तारखा केल्या. ३/८ चा ३ ऑगस्ट, १/२ चा १ फेब्रुवारी, ३/४ चा ३ एप्रिल. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचा असतो, हे मला कुठे माहीत! पण ही चूक निदान डोळ्यांत भरली, हसत हसत दुरुस्तही झाली.

जी डोळ्यांत भरली नाही ती महागात पडली. कॅटलॉगमध्ये अर्ध्या इंचाचे बोल्ट दोन पानांवर होते, एक बीएसडब्ल्यूचं पान, एक यूएनसीचं. पहिल्याला इंचात १२ आटे, दुसऱ्याला १३. हा फरक सांगणारा शब्द पानाच्या मथळ्यात होता आणि माझ्या शीटमध्ये मथळ्याला रकानाच नव्हता. त्यामुळे साइटवर एकाच नावाची, एकाच मापाची पानं जोडीजोडीनं आली. मुलानं दोनदा भरलं असणार, असं धरून मी प्रत्येक जोडीतलं एक पान उडवलं, तेही मोठ्या समाधानानं. पुढे ज्यांनी मागवला बीएसडब्ल्यू आणि हातात पडला यूएनसी, त्यांचा नट दोन-तीन आटे चढून अडकला. फिटरनं पाना लावून जोर केला की नट आणि बोल्ट दोन्ही भंगारात. परत आलेलं पाकीट पाहून वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तळटिपांचंही तेच. हेक्स बोल्टच्या तक्त्याखाली बारीक टायपात एक ओळ होती: एम १० आणि एम १२ डीआयएन तसेच आयएस प्रमाणे उपलब्ध, डोक्याचं माप वेगळं. डीआयएन ९३३ चा एम १० घेतला तर पाना १७ चा लागतो. आयएस १३६४, म्हणजेच आयएसओच्या मापाचा घेतला तर १६ चा. एम १२ ला तसेच १९ आणि १८. आटे तेच, लांबी तीच, ताकदही ८.८ ची तीच. टीप तक्त्याखाली असल्यानं ती कुठल्याच ठिपक्याची नव्हती, म्हणून कुठल्याच पानावर गेली नाही. चाकणच्या एका मशिनवाल्याकडे आमचा १६ चा माल गेला. त्याच्या असेंब्लीला हवेच्या गनवर १७ चे सॉकेट चढवलेले. त्याचा फोरमन फोनवर म्हणाला, "शेठ, सॉकेट गोल फिरतंय, बोल्ट जागचा हलत नाही." डोक्यांचे कोपरे घासले गेले होते. सगळा लॉट परत घेतला, भाडं आमच्याकडून.

शोधाच्या चौकटीत लोक काय टाइप करतात ते मी फार उशिरा पाहिलं. 'एलन बोल्ट', 'वायसर', 'चार सूत'. उत्तर प्रत्येक वेळी शून्य, कारण पानांवर मी सॉकेट हेड कॅप स्क्रू, प्लेन वॉशर आणि १/२ असं शुद्ध लिहून ठेवलेलं. छापील पानावर हे अडायचं नाही. समासात बोल्टचं रेखाचित्र असतं, ग्राहक नाव न वाचताच बोट ठेवतो. आणि आठ सूत म्हणजे एक इंच हे काउंटरवरच्या पोरालाही विचारावं लागत नाही. कॅटलॉग हाती घेण्याआधी मी एक आठवडा काउंटरवर उभा राहिलो असतो तर हे सगळं फुकटात कळलं असतं. पण मला तेव्हा काउंटर म्हणजे वेबसाइटनं बंद पाडायची गोष्ट वाटत होती!

आता शीटचा पहिला रकाना स्टँडर्डचा आहे, त्यानंतर आटे, त्यानंतर पान्याचं माप. नाव पार शेवटी. एम १० च्या दोन्ही जाती वेगवेगळ्या पानांवर आहेत आणि प्रत्येकीवर दुसरीचा उल्लेख आहे. सुताची मापंही शोधात घातली. इंची मालाच्या पानावर मात्र 'ऑर्डर करा'चं बटण मी मुद्दाम ठेवलेलं नाही, नुसता दुकानाचा फोन नंबर आहे. पुतण्याला हे मागासलेपण वाटतं. वाटू दे. फोन आला की गोडाऊनचे मामा आधी विचारतात, "जुना बोल्ट हातात आहे का? मग पट्टी धरा आणि इंचात आटे मोजून सांगा."