आजोबांचं वेब्ली

दसऱ्याच्या सकाळी पाटावर विळा, कुऱ्हाड आणि नांगराचा फाळ मांडला जायचा आणि मधोमध आजोबांचं रिव्हॉल्व्हर. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आपट्याची पानं. वारासिवनीजवळच्या त्या मराठी घरातल्या नातवाला ते वर्षातून एवढंच दिसे. हात लावायची मुभा नव्हती. पूजा आटोपली की आजी ते चामडी म्यानात घालून पेटीत ठेवी आणि किल्ली कनवटीला लावी.

आजोबा मालगुजार. गावोगावची वसुली घेऊन दमणीतून रात्री-अपरात्री परतायचं, वाटेत साग-बांबूचं रान. 1878 च्या इंग्रजी कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नसे, आणि परवाना मिळे तो सरकारच्या भरवशाच्या माणसाला. आजोबांना तो मिळाला. शस्त्र आलं बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं, सहा गोळ्यांचं, बत्तीस बोअरचं. नळीवर मुकुटाखाली ‘बीव्ही’, ‘एनपी’ अशी अक्षरं ठोकलेली. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे हे शिक्के. 1813 पासून तिथे बंदुकांच्या नळ्या जादा दाबाच्या बारावर तपासतात आणि टिकलेल्या नळीवरच शिक्का मारतात.

31 मार्च 1951 ला मध्य प्रदेशातली मालगुजारी संपली. जमीन गेली, मान ओसरला, रिव्हॉल्व्हर राहिलं. वडील बालाघाटला शाळामास्तर झाले. त्यांनी ते कधी चालवल्याचं कुणाला आठवत नाही. पण लायसन्सचं नूतनीकरण एकदाही चुकलं नाही, आणि प्रत्येक निवडणुकीआधी ठाण्यात जमा करून पावती घेणंही. बालाघाट हा तेव्हा नक्षलग्रस्त जिल्हा होता. 1999 च्या डिसेंबरात राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्याच गावात हत्या झाली. अशा जिल्ह्यात घरात शस्त्र असणं ही मिरवायची गोष्ट राहत नाही, ती जबाबदारी होते. वडिलांनी ती मास्तरकीच्या शिस्तीने सांभाळली.

वडील गेले आणि नातवाला कळलं की शस्त्राचा वारसा शेतीसारखा सातबाऱ्याच्या वाटेने चालत नाही. लायसन्सधारक गेला की त्याचं शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मग वारसाने स्वतःच्या नावावर अर्ज करायचा, बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडायची. गोंदियाच्या अक्काने सही केली. पोलिसांची चौकशी झाली, महिने गेले, आणि लायसन्स हातात आलं. ते मिळाल्यावरच नातवाने पहिल्यांदा आजोबांचं रिव्हॉल्व्हर मुठीत धरलं.

आणि ते चालेना.

वेब्लीची घडण वेगळी. डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी खाली झुकते, शस्त्र मधोमध उघडतं आणि मागची चांदणी सहाही काडतुसं एकदम वर उचलते. इथे खटका कसाबसा दबत होता, सिलिंडर अडखळत फिरत होता आणि घोडा पडत होता तो दमल्यासारखा. गंजाचे ठिपके नेमके चामडं टेकत होतं तिथेच होते. कमावलेल्या चामड्यातली रसायनं आणि पावसाळ्यात त्याने शोषलेली ओल पोलादाला खाते. म्यान वागवण्यासाठी असतं, साठवणीसाठी नव्हे. आजीला हे कोण सांगणार होतं?

घरी पेचकस लावायचा मोह नातवाने टाळला, आणि बरं केलं. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. नागपूरच्या एका परवानाधारक दुकानातल्या वयस्क कारागिराने आधी शस्त्र उघडून रिकामं असल्याची खात्री केली, मग मुठीची पानं काढली. आत इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची मुख्य स्प्रिंग. ती शाबूत होती. पण तेलावर तेल घालत गेलेल्या वर्षांनी आत पिवळट चिकट थर धरला होता. घोड्याचा दम त्यानेच खाल्ला होता. तो थर धुऊन निघाला आणि घोडा खणखणीत पडू लागला. सगळ्यांना वाटलं, झालं.

कारागिराला मात्र वाटलं नाही. त्याने घोडा अगदी सावकाश मागे ओढला आणि कान दिला. सिलिंडर जागेवर बसल्याचा शेवटचा ‘टक’ सहापैकी दोन घरांना येत नव्हता. सिलिंडर ढकलणारी छोटी जीभ झिजली होती. घर नळीच्या रेषेत पुरतं आलं नाही तर गोळी कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, चालवणाऱ्याच्या हातातोंडावरही. एका दोषाआड दुसरा दडला होता. नवी जीभ कानशीने घासून बसवली, तेव्हा सहाही घरं बोलू लागली. काडतुसांची अडचण नव्हती. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच घडणीवर बेतलेलं आहे, त्याचीच काडतुसं यालाही चालतात.

“वरून नवं करून देऊ का?” कारागिराने विचारलं. नातवाने नको म्हटलं. हा निर्णय या साऱ्या खटाटोपातला सर्वांत शहाणा. पॉलिशच्या चाकाखाली गंजाबरोबर शिक्के जातात, नंबर पुसट होतो, आणि नंबर पुसट झालेलं शस्त्र कायद्याच्या आणि इतिहासाच्याही लेखी अनाथ. भगतसिंगांचं पिस्तूल आठवावं. 17 डिसेंबर 1928 ला लाहोरला पोलीस अधिकारी साँडर्सवर पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूंनी झाडली. नंतर चाललेलं भगतसिंगांचं .32 कोल्ट पुढे इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र-प्रशिक्षण केंद्रात काळ्या रंगाखाली निनावी पडून होतं. 2016 मध्ये रंग खरवडला, खाली 168896 हा नंबर निघाला, जुन्या नोंदींशी जुळला आणि पिस्तुलाला ओळख परत मिळाली. कुणी हौसेने ते घासून चकचकीत केलं असतं तर?

ज्यांच्या घरी असं जुनं शस्त्र आहे, त्यांनी ते चामड्यातून काढून कोरड्या जागी कुलपात ठेवावं आणि लायसन्सवरचा नंबर शस्त्रावरच्या नंबराशी ताडून पाहावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका नावावर दोनच शस्त्रं राहतात, वारशाने आलेलं धरून. आणि 2016 च्या नियमांनुसार लायसन्सधारकाने सत्तरी गाठली, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, तर तो हयातीतच ते वारसाच्या नावे करू शकतो. वडील सही करू शकतात तोवर हा अर्ज करून टाका.