बाळ कुणाकडे?

बंगळुरूपासून सुमारे 28 किलोमीटरवर, मैसूर रस्त्यावरच्या बिडदीजवळ 2005 साली ‘वंडरला’ उद्यान सुरू झाले. पुण्याहून बंगळुरूत स्थायिक झालेले एक जोडपे दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन तिथे निघाले, तेव्हा सासूबाईंनी विचारलेच, “तिला काय कळणार त्यातलं?”

खरेच होते. मोठ्या पाळण्यांत उंची पाहूनच बसवतात, आणि लाटांच्या हौदात तान्ह्या बाळाला नेणे शहाणपणाचे नाही. पण पिशवीत दुपटी, टोपी, मऊ भाताचा डबा भरताना सुनेच्या मनात वेगळेच होते. बाळंतपणापासून दवाखान्याशिवाय ती कुठे गेलीच नव्हती.

तिथे पोचताच नवरा सवयीने म्हणाला, “तू बस सावलीत, मी एक चक्कर मारून येतो.” एकाच्या तीन झाल्या. मुलगी हलणारी पाने पाहून खिदळत होती. तिची करमणूक तेवढ्यात भागली. चौथ्या वेळी मात्र आईने बाळ त्याच्या हातात दिले, “भात डब्यात आहे,” एवढेच सांगितले आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.

परतली तेव्हा केस विस्कटलेले, ओरडून घसा बसलेला. बाळ बापाच्या खांद्यावर झोपले होते आणि अवघडलेला हात हलवायची त्याची हिंमत होत नव्हती.

“अजून एकदा जाऊन येऊ?” तिने विचारले.